पळून जाणारा मुलगा, सोबतचा मित्र आणि जादूची वस्तू

शाळेत जीव न रमणारा मुलगा, ‘अरे, हे बरं नाही’ असं म्हणत त्याच्या मागोमाग निघालेला मित्र आणि दोघांच्या हाती लागलेली जादूची वस्तू, ही जुळणी गोष्टींच्या दुनियेला सुट्या सुट्या रूपात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिन्ही धागे एकत्र विणलेलं सर्वांत गाजलेलं अलीकडचं उदाहरण म्हणजे ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ हे नाटक. ३० जुलै २०१६ रोजी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये त्याचा शुभारंभ झाला आणि दुसऱ्याच दिवशी संहिता पुस्तकरूपाने दुकानांत आली. कथा जे. के. रोलिंग, जॉन टिफनी आणि जॅक थॉर्न या तिघांची, नाट्यलेखन थॉर्न यांचं. २०१७ मध्ये त्याला नऊ ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगाला सहा टोनी.

नाटकातला अल्बस हा हॅरी पॉटरचा मधला मुलगा. बाप जगप्रसिद्ध, आणि मुलाच्या हाताखालून झाडूसुद्धा वर उठत नाही. ज्या ‘स्लिदरिन’ गटाची घरात धास्ती, नेमका तोच त्याच्या वाट्याला येतो. वर्गातली मुलं टोमणे मारतात. त्याच्याशी बोलणारा एकच मुलगा आहे, तो स्कॉर्पियस मॅल्फॉय. हॅरीच्या शाळेतल्या वैऱ्याचा हा मुलगा. हा खलनायक व्होल्डेमॉर्टचाच मुलगा आहे अशी वावडी त्याच्याविषयी उठलेली असते. म्हणजे एकाला बापाच्या मोठेपणाचा जाच आणि दुसऱ्याला बापाविषयीच्या कुजबुजीचा.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला अल्बस आणि हॅरी यांच्यात कडाक्याचं भांडण होतं. निमित्त एका जुन्या पांघरुणाचं असतं. हॅरी तान्हा असताना त्याच्या आईने त्याला ज्यात गुंडाळलं होतं, ते पांघरूण तो अल्बसला भेट देतो आणि अल्बसला त्यात भेट म्हणून काही दिसत नाही. बोलता बोलता बापाच्या तोंडून जे जायला नको ते जातं. त्यानंतर शाळेच्या गाडीत बसलेला अल्बस धावत्या गाडीच्या टपावर चढतो आणि स्कॉर्पियसला सोबत घेऊन उडी मारतो. स्कॉर्पियसची मुळीच इच्छा नसते. धोके किती आणि कोणते, हे तो एकेक करून सांगतो आणि तरीही जातो. बेत असा, की जादूगारांच्या मंत्रालयात लपवून ठेवलेलं ‘टाइम टर्नर’ चोरायचं, भूतकाळात जायचं आणि हॅरीच्या शाळकरी दिवसांत हकनाक मारल्या गेलेल्या सेड्रिक डिगरी या विद्यार्थ्याला वाचवायचं. बापाची चूक मुलाने दुरुस्त करायची, अशी ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सुचावी तशीच कल्पना आहे.

ही वस्तू कशी चालते, यावर नाटकाची सगळी मदार आहे. मूळ कादंबऱ्यांत टाइम टर्नर प्रथम दिसतं ते १९९९ च्या तिसऱ्या पुस्तकात. तिथे ते हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, एकाच वेळी दोन तासांना बसता यावं म्हणून दिलेलं असतं. २००३ च्या पाचव्या पुस्तकात मंत्रालयातला त्यांचा साठा फुटून जातो. नाटकाने एक नवं टाइम टर्नर निर्माण केलं आणि त्याला मर्यादा घातली: भूतकाळात फक्त पाच मिनिटं थांबता येतं. एवढ्या अवधीत मुलं पहिल्या खेपेला सेड्रिकच्या हातातली छडी उडवतात. परत येऊन पाहतात तर हॅरीचा मित्र रॉन आणि हर्मायनी यांचं लग्नच झालेलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याची फजिती करतात. त्या अपमानाने सेड्रिक कडवट होऊन दुष्टांना जाऊन मिळतो, हॅरी मारला जातो आणि अल्बस जन्मालाच येत नाही. त्या भीषण जगात परततो तो एकटा स्कॉर्पियस. नाटकातला हा सर्वांत ताकदीचा प्रसंग. त्या जगात स्कॉर्पियसला मान आहे, दरारा आहे, मुलं त्याला वचकून असतात. पूर्वी जे मिळत नव्हतं ते सगळं मिळालेलं आहे, फक्त मित्र नाही. तो ते सगळं टाकून जुनं, त्रासाचं जग परत मिळवायला धडपडतो.

पुढे टाइम टर्नर नष्ट होतं आणि दोघं १९८१ सालात अडकून पडतात. घरी निरोप कसा धाडायचा? इथे ते नाकारलेलं पांघरूण कामी येतं. तान्ह्या हॅरीच्या पांघरुणावर मुलं एका रसायनाने अक्षरं उमटवतात. तेच पांघरूण जवळजवळ चाळीस वर्षांनी हॅरीच्या हाती असताना ती अक्षरं जळून दिसू लागतात. जादूच्या यंत्राने लांब नेऊन सोडलेल्या मुलांना घरातल्या जुन्या कापडाने परत आणलं. उत्तरार्धातलं खलपात्राचं रहस्य घाईत उरकलेलं आहे आणि कालप्रवासाचे नियम लेखकाच्या सोयीने वाकतात, ही टीका रास्तच आहे. तरीही नाटक उभं राहतं ते या दोन मुलांमुळे.

या जुळणीचा एक प्राचीन पूर्वज मराठी मुलखाशी जोडलेला आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत रचली गेली आणि परंपरा तिचा संबंध पैठणच्या, म्हणजे प्रतिष्ठानच्या सातवाहन राजसभेशी लावते. मूळ ग्रंथ गेला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात केलेलं ‘कथासरित्सागर’ हे रूपांतर उरलं. राजाने कदर न केल्यामुळे गुणाढ्याने आपली पानं वनातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक करून जाळली, अशी त्यातच कथा आहे. लेखक आणि आश्रयदाते यांचे संबंध तेव्हापासून असेच आहेत.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागात पुत्रकाची गोष्ट येते. त्याच्या जिवावर उठलेले कोणी परके नाहीत, वडीलधारेच आहेत. विंध्यवासिनीच्या देवळात त्याला मारण्यासाठी ते मारेकरी घालतात. पुत्रक मारेकऱ्यांना दागिना देऊन सुटतो आणि रानात शिरतो. तिथे मयासुराचे दोन मुलगे तीन वस्तूंवरून हातघाईवर आलेले असतात. एक पात्र, त्यात इच्छिलेलं अन्न मिळतं. एक काठी, तिने जे लिहावं ते खरं होतं. आणि पादुका, त्या घातल्या की आकाशातून जाता येतं. पुत्रक साळसूदपणे सुचवतो, की कुस्ती कशाला, धावण्याची शर्यत लावा. ते दोघे धावत सुटतात आणि हा पादुका चढवून काठी-पात्रासह उडून जातो. पुढे पाटली नावाच्या राजकन्येला घेऊन तो पळतो आणि काठीने जमिनीवर नगर रेखाटतो, तेच पाटलिपुत्र.

घर सोडणं आहे, वस्तू आहे, ती हाती येण्यातली लबाडीही आहे. पण पुत्रकाबरोबर काळजी करणारं कोणी नाही. आणि वस्तूची किंमत मोजावी लागत नाही, ही दुसरी गोष्ट. काठीने लिहिलेलं खरं होतं. पाच मिनिटांची अट नाही की उलटणारा परिणाम नाही.

मित्र सापडतो तो दुसऱ्या जातीच्या गोष्टींत. राजाचा मुलगा आणि प्रधानाचा मुलगा ही जोडी मराठी आजीच्या गोष्टीत ठरलेलीच. वेताळाच्या गोष्टींपैकी पहिल्या गोष्टीतला राजपुत्र प्रेमात पडून सैरभैर होतो आणि त्या मुलीने केलेल्या खुणांचा अर्थ लावतो तो प्रधानपुत्र. याच्या डोक्यापुढे आपला निभाव लागणार नाही हे तीही ओळखते आणि त्याच्यासाठी विष कालवलेलं पक्वान्न पाठवते. अशा गोष्टींत मित्राच्या शहाणपणाची बक्षिसी बहुधा ही असते.

दख्खनमध्ये नोंदल्या गेलेल्या एका कथेत ही जोडी फार जवळून पाहायला मिळते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. तिच्या दिमतीला असलेल्या ॲना लिबेराता द सूझा या आयाने तिला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. १८६८ मध्ये लंडनला छापलेलं ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक त्यातून झालं. मुखपृष्ठावर नाव गव्हर्नरच्या मुलीचं. पण सांगणारीने स्वतःच्या आयुष्याची हकिकतही सांगितली आणि ती पुस्तकात छापली गेली, हे त्या काळाच्या मानाने विशेषच.

त्यातल्या राम आणि लक्ष्मण नावाच्या राजपुत्र-वजीरपुत्राच्या गोष्टीत दोघांची मैत्री राणीच्या, म्हणजे रामाच्या आईच्या, डोळ्यांत सलते. ती एका म्हातारीला धाडते. म्हातारी लक्ष्मणाच्या कानाशी तोंड नेऊन काहीच न बोलता निघून जाते. राम विचारतो, काय म्हणाली? तो म्हणतो, काही नाही. खरं उत्तर, आणि म्हणूनच न पटणारं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैत्र्या याच युक्तीने मोडतात. हा तडा सांधला जातो आणि दोघं प्रवासाला निघतात. परतताना लक्ष्मण रात्री जागा राहून घुबडांचं बोलणं ऐकतो: आधी वडाची कुजकी फांदी कोसळेल, मग कमान, त्यातून वाचले तर नाग येईल, आणि वाचवणारा दगड होऊन पडेल. तो मित्राला काही सांगत नाही. तिन्ही वेळा वाचवतो. शेवटी नागाच्या रक्ताचा थेंब रामाच्या बायकोच्या कपाळावरून टिपताना राम जागा होतो, नको तो संशय घेतो आणि लक्ष्मण खुलासा करता करता शिळा होतो. कैक वर्षांनी रामाच्या लहानग्या मुलाचा स्पर्श झाल्यावर तो पुन्हा माणसात येतो. या गोष्टीत जादूची वस्तू वेगळी शोधायला नको. मित्रच ती वस्तू होऊन बसतो.

वजीरपुत्राचं मित्रत्व मात्र पदाने बांधलेलं होतं. त्याचा बाप राजाच्या चाकरीत, तोही उद्या राजाच्याच चाकरीत. त्याला स्वतःचं दुःख असतं का, हे गोष्ट विचारत नाही. शाळेने ही गाठ सोडवली. एका बाकावर बसलेली दोन मुलं एकमेकांची कोणी लागत नाहीत. त्यांना एकत्र आणते ती फक्त हजेरीपटावरची जागा, नाहीतर मार खाण्याची समान सवय. काळजी करणारा पण बरोबरीचा मित्र हे शाळेनेच गोष्टीला दिलेलं पात्र आहे.

त्याचं ठळक रूप मार्क ट्वेनच्या १८७६ च्या ‘टॉम सॉयर’मध्ये दिसतं. वर्गातल्या बेकीने झिडकारलेला टॉम ‘आपलं कोणी नाही’ या निष्कर्षावर येतो. त्याच दिवशी त्याचा मित्र जो हार्पर साय खाल्ल्याच्या आरोपावरून आईचा मार खाऊन आलेला असतो. साय त्याने खाल्लेलीच नसते. दोघं हकलबरी फिनला घेऊन मिसिसिपीतल्या बेटावर पळतात. पोहायला निघताना टॉमच्या लक्षात येतं, की घोट्याला बांधलेली खुळखुळ्या सापाच्या शेपटीची माळ विजार काढताना सुटून पडली आहे; ती माळ पायात असली की पाण्यात गोळे येत नाहीत, अशी त्याची खात्री. ती सापडेपर्यंत तो पाण्यात उतरत नाही. ट्वेन या तोडग्याची थट्टा करतो, पण मुलाची नाही. आणि बेटावर घरची आठवण येऊन पहिला रडकुंडीला येतो तो जो. कबूल तो करतो, म्हणून बाकीच्यांनाही आपल्या मनाकडे पाहावं लागतं.

मराठीत या वाटेवरचं मोठं नाव भा. रा. भागवत (१९१०-२००१). फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, किडकिडीत, सायकलवर स्वार, तोंडाने ‘ट्टॉक्’ करणारा. फेणे घरातून रुसून पळत नाही, तो संकटाच्या दिशेने पळतो. त्याच्याबरोबर असणाऱ्या सुभाष देसाईसारख्या मित्राच्या वाट्याला त्याला आवरण्याचं आणि आवरत नाही म्हटल्यावर मागोमाग जाण्याचं काम येतं. भागवतांच्या दुनियेत भुताटकीचा उलगडा सहसा माणसाच्या लबाडीत होतो. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या लेखकाकडून हेच अपेक्षित होतं. वीस पुस्तकं, १९८७ ची दूरदर्शन मालिका आणि २०१७ चा चित्रपट एवढा पल्ला गाठणाऱ्या या मुलाच्या खिशात जादूची वस्तू कधीच नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचं अडलंही नाही.

जादू मराठी मुलांना भेटली ती रंगमंचावर. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ केलं. पुढे रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण दोन पिढ्यांच्या लक्षात राहिली. पण ही नाटकं लोककथेच्या गावात घडतात, शाळेच्या आवारात नाही. भयकथाकार नारायण धारपांकडे शापित वस्तू भरपूर. ती बहुधा मोठ्या माणसाच्या घरात शिरते. शाळा, मित्र आणि जादू एकत्र हवी असणाऱ्या मराठी मुलांची भूक शेवटी भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणलेल्या हॅरी पॉटरच्या अनुवादांनी भागवली. अशी मराठीतच लिहिलेली दमदार कादंबरी नसणं ही उणीव आहे, आणि ती बोलून दाखवायला संकोच नको.

गोष्टीबाहेर ही जुळणी तुटक्या रूपात भेटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच सांगितलेली साताऱ्याची आठवण धनंजय कीरांच्या चरित्रात आली आहे. वडिलांनी दुसरं लग्न केल्याने खिन्न झालेल्या भीमरावाने मुंबईला पळून गिरणीत काम धरायचं ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवायचा घाट घातला. रात्रीमागून रात्री प्रयत्न केल्यावर पिशवी हाती आली, तर आत अर्धा आणा. ना मित्र, ना जादू. अर्ध्या आण्याने पळून जाणं रद्द केलं आणि मुलगा अभ्यासाला लागला.

आजच्या, पुण्याच्या वारजे उपनगरातल्या मुलाला अर्धा आणा आडवा येत नाही. महामार्गाचा बाह्यवळण रस्ता वस्तीला चिकटून जातो. पुलाजवळ मुंबईकडच्या आणि सातारा-कोल्हापूरकडच्या गाड्या थांबतात. सिटी बसने स्वारगेट किंवा स्टेशन गाठता येतं. निकालाचा दिवस, मोबाइलवरून झालेलं भांडण, वर्गात झालेला अपमान, कारणं बहुतेक अल्बसच्याच जातीची असतात. जादूच्या वस्तूची जागा मोबाइलने घेतली आहे, असं म्हणण्याचा मोह होतो. पण खरी जादूची वस्तूही बाजारात आहेच: अभ्यासात लक्ष लागण्याचा ताईत, रागीट मुलावरचा अंगारा, आणि घेणारे असतात ते हवालदिल पालक. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा दावा करून फसवणं, दहशत बसवणं हा त्याखाली गुन्हा आहे.

मूल घरी आलं नाही तर काय करायचं, याची व्यवस्था आता स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेल्या निर्देशांनुसार हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा लागतो, ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून पालकांना परत पाठवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार स्थितीत सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि देशभर पसरली.

पालकांनी आणि शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य करावी. मुलगा दिसत नाही असं कळलं, की त्याच्या मित्राला दमात घेऊ नये. त्याला बेत बहुतेक वेळा ठाऊक असतो, त्याने तो मोडायचा प्रयत्नही केलेला असतो, आणि ‘तूच फूस लावलीस’ हे पहिलं वाक्य कानी पडलं की तो गप्प होतो. त्याला बसवावं, पाणी द्यावं, आणि शिक्षा होणार नाही हे आधी सांगून मग विचारावं. १०९८ वर कुठल्याही वेळी फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि तो फोन त्या मित्रानेही केलेला चालतो.